ऐंशी लिटरचा गिझर

पुणे, १६ फेब्रुवारी २०२५

सुखदा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, ती या वेळी राहू दे. खरं तर फोनच करणार होते. पण जानेवारीतल्या फोननंतर 'ताई फार ओरडतात' असं तू अभिनवला सांगितलंस, म्हणून ईमेल करते आहे. वाचताना आवाज तुझा तू लावून घे.

काल रबियाचा फोन आला होता. तुझ्यासाठी ती समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण असेल, माझी ती वीस वर्षांची मैत्रीण आहे. तिने विचारलं, तुमचा गिझर बिघडला का, बिल्डिंगची राखण करणारा हारिस आणि आणखी एक माणूस तो उचलून खाली नेत होते. मी काय उत्तर देणार? माझ्या घरातला गिझर गेला हे मला शेजारणीकडून कळतं.

हो, माझ्या घरातला. हॉस्पिटलने माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही म्हणून सप्टेंबरात मला कुवेत सोडावं लागलं. तुम्ही दोघं ऑक्टोबरात आलात. बावीस वर्षं त्या फ्लॅटमध्ये मी बाबांबरोबर राहिले आहे, तिथला एकेक खिळा मी ठोकलेला आहे. तो ऐंशी लिटरचा गिझर मी निवडून आणला होता आणि ऐंशीचाच का आणला याला कारण होतं. काढायच्या आधी एक फोन करावासा वाटला नाही तुला?

बाथरूम लहान आहे हे मला सांगू नकोस. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं त्याच बाथरूममध्ये मी त्यांना आंघोळ घातली. वॉकर दाराबाहेर ठेवायचा, त्यांचा कोपर धरायचा, आडवं होऊन आत घ्यायचं. एकदाही पडू दिलं नाही. तुला चार महिन्यांत जागा अपुरी पडायला लागली.

काय बसवलं आहेस त्या जागी, ते कळव.

नीला

---

अब्बासिया, कुवेत, १९ फेब्रुवारी २०२५

नीलाताई,

नमस्कार. मी मात्र लिहिते, कारण घरातून तसं वळण आहे.

गिझरच्या जागी इन्स्टंट हीटर बसवला आहे. डब्याएवढा आहे, भिंतीला चिकटून बसतो. नळ सोडला की आपोआप पेटतो, बंद केला की विझतो, टाकी नाही, बटण लावायची आठवण ठेवायला नको. तुमचा गिझर भिंतीपासून दीड फूट पुढे आलेला होता. दार पाऊण उघडायचं आणि गिझरला अडायचं. पाच बाय साडेचारच्या बाथरूममध्ये माणसाने उभं राहायचं की गिझरने, एवढाच प्रश्न होता.

तुम्ही बाबांना आंघोळ घालत होतात, कारण तुम्ही मुलगी आहात आणि वर नर्स आहात. मी सून आहे. जानेवारीत बाबांनी नऊ दिवस आंघोळ केली नाही. थंडी आहे म्हणायचे, पाणी पुरत नाही म्हणायचे. दहाव्या दिवशी मला समजलं की मी कोपर धरलेला त्यांना नको आहे. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलात वाफेची निर्जंतुकीकरणाची यंत्रं सांभाळलेला माणूस सुनेसमोर पंचा नेसून उभा राहायला लाजत होता. तुमच्यासमोरही लाजत असतील, फक्त तुम्हाला ते सांगण्याची सोय नसेल.

मी टेप घेऊन मापं घेतली. गिझर गेला की वॉकर आत जातो आणि प्लास्टिकची खुर्चीही बसते. मी बाबांना विचारलं. ते हो म्हणाले. तुम्हाला विचारलं नाही, कारण आंघोळ तुम्हाला करायची नव्हती.

पहिल्या दिवशी दार आतून लावून ते चाळीस मिनिटं आत होते. मी बाहेर वेड्यासारखी उभी. भांग पाडून बाहेर आले आणि म्हणाले, चहा टाक.

आणखी एक. घर तुमचं आहे हे तुम्ही लिहिलंत. तुम्हाला बाबा बावीस वर्षं मिळाले. अभिनव नाशिकला आत्याकडे वाढला, त्याला ते वर्षातून एक महिना सुट्टीत मिळायचे, त्यातला अर्धा महिना नातेवाइकांत जायचा. आता मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून कंपनीच्या बसने थकून आला तरी तो आधी बाबांच्या खोलीत जातो. हे त्याला चार महिनेच मिळालं आहे. तेवढं त्याला राहू द्या.

सुखदा

---

पुणे, २ मार्च २०२५

सुखदा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लातूरकडच्या माणसांनी पाण्यावरून आम्हाला शहाणपण शिकवावं याची गंमत वाटली.

बाबा लाजतात हे तुला चार महिन्यांत समजलं आणि मला तीन वर्षांत नाही, असं तुझं म्हणणं. ठीक आहे. मी निघताना तुला दोन पानी यादी लिहून दिली होती. त्यात औषधं आहेत, पथ्य आहे आणि तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे की डायबेटिसमुळे त्यांच्या तळपायांना काहीही जाणवत नाही. खडा रुतला तरी कळत नाही. पाणी आधी मी माझ्या हाताने बघत होते, मग त्यांच्या अंगावर घालत होते. आता बंद दाराआड पाणी कोण बघतं? तुझा डबा?

तुझ्या त्या डब्याचं काय ते कौतुक आत्ताच करून घे. उन्हाळा येऊ दे, मग कळेल तुला कुवेत काय असतं. तेव्हा मला फोन करशील. मी वाट बघते आहे.

मला इथे नोकरी लागली आहे. दोन खोल्यांची जागा घेतली आहे, तळमजला, बाथरूम मोठं. जुलैत मी येणार आणि बाबांना घेऊन जाणार. अभिनवला सांग. सुनेच्या प्रयोगांसाठी मी त्यांना तिथे ठेवलेलं नाही.

नीला

---

अब्बासिया, ६ एप्रिल २०२५

नीलाताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

लातूरला आम्ही रेल्वेने आलेलं पाणी रांगेत उभं राहून भरलं आहे. पाण्याची किंमत मला पुण्याने शिकवू नये. आणि शाप देऊ नका. 'उन्हाळा येऊ दे' म्हणजे काय? उन्हाळा सगळ्यांनाच येतो.

तुमची यादी फ्रिजवर लावलेली आहे. तिसरी ओळ मला पाठ आहे. सकाळी साडेसहाला मला कामावर न्यायला क्लिनिकची गाडी येते, त्याआधी मी बाबांसाठी दोन बादल्या माझ्या हाताने बघून भरून ठेवते. बाबा त्यातलंच पाणी घेतात. नळाला हात लावायचा नाही हे आमच्यात ठरलेलं आहे.

तुम्ही बाबांना घेऊन जाणार हे तुम्ही मला कळवलंत, अभिनवला कळवायला सांगितलंत. बाबांना विचारलंत का? मी विचारलं. ते म्हणाले, पुण्यात माझं कोण आहे. संध्याकाळी ते वॉकर घेऊन एकटे लिफ्टने खाली उतरतात, किराणाच्या बकाल्यातून खबूस रोट्या आणि पेपर आणतात, मल्याळी दुकानदाराशी हिंदीत राजकारण बोलतात. तुमच्या वेळी ते खाली जात नव्हते, असं रबियाच म्हणाली. माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या मैत्रिणीला विचारा.

सुखदा

---

पुणे, २७ एप्रिल २०२५

१७ जुलैचं तिकीट काढलं आहे. बाबांचे कागद तयार ठेव. बाकी वाद तोंडावर घालू.

नीला

---

अब्बासिया, २९ जून २०२५

नीलाताई,

बाबांचे पाय भाजले आहेत. गुरुवारी दुपारी झालं. तुम्हाला कळवू नका म्हणून त्यांनी आमच्याकडून वचन घेतलं होतं, ते मी मोडते आहे.

दोन्ही पावलं, घोट्यापर्यंत. उजवं बरं होईल म्हणतात. डाव्या पायाची दोन बोटं राहतील की नाही हे आठवड्याने कळेल. शुगर वाढलेली आहे. हॉस्पिटलात चौथा मजला, अभिनव आज तिथे आहे.

मे अखेरपासून निळ्या नळालाही पाणी तापलेलंच यायला लागलं होतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, हात धरवत नाही. मी पहाटे बादल्या भरून एसीच्या खोलीत ठेवायची, तेच पाणी बाबा वापरायचे. गुरुवारी त्यांनी दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करायचं ठरवलं. बादल्या संपल्या होत्या. मी कामावर होते. ते खुर्चीवर बसले, पाय नळाखाली धरले आणि लाल नळ सोडला. टाकीचं तापलेलं पाणी हीटरमधून आणखी तापून आलं. त्यांना कळलं नाही. वाफ दिसली तेव्हा कळलं. अठ्ठावीस वर्षं वाफेत काम करून हाताला फोड न आलेला माणूस, ताई.

लाल नळ कशाला सोडलात, असं अभिनवने विचारलं. लाल म्हणजे गरम हे लहान पोरालाही कळतं. तर म्हणाले, 'उन्हाळ्यात लाल गार असतो. नीलाने सांगितलं, लाल सोडा.' तुम्ही नऊ महिने झाले इथे नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते त्यांनी पाहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, नाही, माझंच चुकलं, कुणी काही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आहे. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी १० जुलैची तारीख दिली आहे.

गिझर मी काढला. हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

सुखदा

---

पुणे, ३० जून २०२५

सुखदा,

रात्रभर झोप नाही. तिकीट आधीचं मिळतं का बघते आहे.

तू म्हणालीस ते बरं केलंस, माझे कष्ट वाचले. आता ऐक, ऐंशी लिटरचा गिझर मी का ठेवला होता ते. मे लागला की कुवेतमध्ये गिझर बंद करतात. गिझरच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीने गार होतं. मग गार पाणी हवं तर लाल नळ सोडायचा आणि तापलेलं पाणी निळ्याला येतं. सगळी बिल्डिंग हेच करते. तिथे वाढलेल्या कुठल्याही पोराला विचार. तुझ्या डब्याला टाकी नाही, तो नळ सोडला की पेटतो. तू बाबांच्या बाथरूममधून गार पाणी काढून घेतलंस आणि त्या जागी उकळतं बसवलंस. जागा मात्र झाली.

बावीस उन्हाळे त्यांनी लाल नळ सोडला. ते त्यांच्या हातात बसलेलं आहे.

माझं नाव घेतात याचं तुला आश्चर्य वाटतं, मला नाही. बावीस वर्षं मीच होते. म्हातारी माणसं घाबरली की मन मागे जातं. आजूबाजूला कोण आहे, वर्ष कोणतं आहे, सगळं एकमेकांत मिसळतं. मी असे पेशंट रोज बघते. ही सुरुवात आहे, आणि ती तुमच्याकडे झाली. अशा माणसाला बंद दाराआड एकटं सोडत नाहीत. ती तपासणी होऊ दे, रिपोर्ट मला पाठव. त्या रिपोर्टवरच मी त्यांना घेऊन जाईन. आता त्यांना विचारायचा प्रश्न उरत नाही.

दिवसातून दोनदा ड्रेसिंग होतं का बघ. पाय उंच ठेवायला सांग. शुगर दर चार तासांनी.

नीला

---

अब्बासिया, ६ जुलै २०२५

नीलाताई,

बोटं मंगळवारी काढली. दोन. शुक्रवारी बाबांना घरी आणलं.

तुमच्या पत्राचा मी आठवडाभर विचार केला. रबियालाही विचारलं. ती म्हणाली, 'होय गो, आमी समदी तसाच करतो. मला वाटला नीलान तुला सांगितलान असेल.' म्हणजे तुम्ही खरं लिहिलंत. हे तुम्हाला फेब्रुवारीतही माहीत होतं. टाकी गेली की उन्हाळ्यात काय होईल हे तुम्ही दोन ओळींत लिहू शकला असतात. तुम्ही लिहिलंत, उन्हाळा येऊ दे. मी तो शाप समजले, तो तर इशारा होता आणि तुम्ही मुद्दाम अर्धा दिलात. मला तुम्ही कधीच आवडला नाहीत, पण इतकं वाईट मी तुमच्याबद्दल कधी चिंतलं नव्हतं.

हे भांडण नंतर. आता बाबांचं सांगते.

ते घाबरले आहेत. पायाला नाही, स्वतःला. सकाळी उठल्यावर वार आणि तारीख मोठ्याने म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, बरोबर आहे का. परवा अभिनवला बँकेचं कार्ड आणि घराची किल्ली दिली, म्हणाले, माझ्याकडे नको, माझा भरवसा नाही. गॅसच्या जवळ जात नाहीत. काल मला म्हणाले, 'सुखदा, आंघोळ तूच घाल. मी आता लाजायचं सोडलं.' मी आत जाऊन रडले. जानेवारीतले नऊ दिवस परवडले.

मी त्यांना लाल नळाचं सगळं समजावलं. रबियानेही सांगितलं की काका, आमचाही हात तिकडेच जातो. ते म्हणाले, मी टेक्निशियन आहे, हीटर बसवताना मी स्वतः बघितला, टाकी नाही हे मला माहीत होतं, मग मी नळ सोडलाच कसा?

काल औषधांचा गजर लावायला म्हणून मी त्यांचा फोन घेतला. गुरुवार २६ जून. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तुम्हाला फोन. चार मिनिटं. त्यानंतर पंधरा मिनिटांनी रबियाने त्यांची हाक ऐकली.

मी बाबांना विचारलं, नीलाताईंशी काय बोललात? त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, आठवत नाही. माझ्याशी खोटं बोलणं त्यांना जमत नाही, ते डोळे मिटून घेतात.

म्हणून तुम्हाला विचारते. त्यांनी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत? ते इस्पितळात म्हणाले ते भ्रमात म्हणाले, की खरंच तसं झालं होतं? येत्या गुरुवारी तपासणी आहे. त्या डॉक्टरसमोर ते स्वतःच सांगणार आहेत की मला भास होतात. तुमचं नाव वाचवायला ते स्वतःला वेडं ठरवून घेतील. मी सांगितलं तर त्यांना वाटेल सून मुलीवर आळ घेते. अभिनवने सांगितलं तरी तेच. फक्त तुम्ही सांगितलंत तर ते मानतील.

तुम्हाला हवा तसा रिपोर्ट मिळेल. पाठवू का?

सुखदा

---

पुणे, ८ जुलै २०२५

सुखदा,

पाठवू नकोस. तपासणी रद्द कर.

त्यांना भास झाला नाही. फोन त्यांनी केला होता. मी ड्यूटी संपवून पार्किंगमध्ये होते, हेल्मेट हातात होतं. ते म्हणाले, पाणी फार तापलेलं येतंय गं, आंघोळ करायची आहे, बादल्या संपल्या. मी म्हणाले, 'मग लाल सोडा ना, बाबा.' दर उन्हाळ्यात म्हणायचे तसंच म्हणाले. ते म्हणाले, पण आता हीटर नवा आहे, टाकी नाही. मी म्हणाले, तुम्ही सोडून तर बघा, किती प्रश्न विचारता. मग मी त्यांना पुण्याच्या जागेबद्दल सांगत बसले. त्यांनी हो-हो केलं आणि फोन ठेवला.

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. टाकी नाही हे त्यांनीच मला सांगितलं. मी ऐकलं नाही आणि त्यांनी माझं ऐकलं. त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही.

इथे थांबले असते तर तुला पुरलं असतं. पण पुढचंही लिहिते, कारण अर्धं सांगण्याबद्दल तू जे लिहिलंस ते खरं आहे.

स्कूटर सुरू करताना माझ्या लक्षात आलं. टाकी नाही, तो डबा पेटेल. मी फोन बाहेर काढला. स्क्रीनवर त्यांचं नावही काढलं. मग वाटलं, हाताने बघतील, चटका बसेल, नळ बंद करतील. थोडासा चटका. आणि संध्याकाळी तू घरी आलीस की तुझ्या डब्याची पारख होईल आणि तू मला फोन करशील. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. वाटेत भाजी घेतली.

त्यांनी हाताने बघितलं नाही, कारण तीन वर्षं हाताने मी बघत होते.

तुझ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तू मला विचारायला हवं होतंस आणि मी तुला सांगायला हवं होतं. त्यातलं कोणतं मोठं हे मला या आठवड्यात कळलं आहे. १७ तारखेचं तिकीट मी रद्द केलं. त्यांनी बोलावलं तर येईन.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. पूर्ण, भाजीपर्यंत. फोनवर मी बोलू शकणार नाही, आणि त्यांचा आवाज ऐकला तर पुन्हा खोटं बोलेन. अभिनवलाही तिथे बसव. बाबा मध्येच तुला थांबवतील. म्हणतील, नीला असं करणार नाही, हे तू लिहिलं आहेस. तू थांबू नकोस. पुन्हा पहिल्यापासून वाच.

नीला